नावधिकरण, भारतातील

नावधिकरण, भारतातील : सागरी व्यापार आणि नौकानयन यांतून उद्भवणाऱ्या दिवाणी वादांचा निर्णय करणारी विशेष न्यायशाखा व तिचा भारतातील विकास. इंग्रजीतील ‘ॲडमिरल्टी’ या संज्ञेसाठी ‘नावधिकरण’ हा पर्याय भारतीय विधिपरिभाषेत रूढ झाला आहे. जहाजांची परस्परांशी होणारी टक्कर, मालाची हानी, संकटग्रस्त जहाजाच्या सुटकेबद्दलचा मोबदला, खलाशांचे थकलेले वेतन, जहाजावरील गहाण, जहाजाला पुरविलेले इंधन व सामग्री यांची देणी, बंदरशुल्क आणि जहाजामुळे होणारे समुद्राचे प्रदूषण हे या न्यायशाखेचे प्रमुख विषय होत.

स्वरूप : सामान्य दिवाणी दाव्यात एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीविरुद्ध न्यायालयात जाते. अशा दाव्यास व्यक्तिलक्षी दावा म्हणतात. सागरी व्यवहारात हा मार्ग पुष्कळदा निरुपयोगी ठरतो. जहाजाचा मालक एका देशातील, त्याची नोंदणी दुसऱ्या देशातील, ते भाड्याने घेणारा तिसऱ्या देशातील आणि त्यावरील खलाशी आणखी चार देशांतील, अशी स्थिती नेहमीच आढळते. मालकी बहुधा एखाद्या कंपनीच्या नावे असते आणि त्या एका जहाजावाचून त्या कंपनीची अन्य मालमत्ता नसते. जहाज बंदर सोडून गेले, की धनको आणि ऋणको यांतील दुवाच तुटतो. म्हणून सागरी विधीने प्रत्यक्ष जहाजालाच प्रतिवादी मानण्याची पद्धती स्वीकारली. यास वस्तुलक्षी दावा असे म्हणतात. जहाज बंदरात असतानाच न्यायालय त्यास अटकाव करते. मालकाने पुरेशी हमी दिल्यास जहाज मुक्त होते. हमी न दिल्यास त्याची विक्री करून येणाऱ्या रकमेतून दावेदारांची देणी भागविली जातात. जहाज अटकाविण्याचा अधिकार कोणत्या न्यायालयास आहे आणि कोणत्या कारणासाठी आहे, हा या विधिशाखेतील मध्यवर्ती प्रश्न असून भारतातील तिचा इतिहास बव्हंशी याच प्रश्नाभोवती घडलेला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन भारतातील संकल्पना : सागरी व्यवहारांचे नियमन भारतास नवीन नव्हते. कौटिलीय अर्थशास्त्रात नावध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. वादळाने भरकटलेल्या नौकेवर त्याने पित्याप्रमाणे अनुग्रह करावा आणि पाण्याने भिजलेल्या मालावरील शुल्क माफ करावे किंवा निम्मे घ्यावे, असा नियम त्यात आहे. मनुस्मृतीत नाविकांच्या दोषामुळे झालेल्या हानीची भरपाई नाविकांनी आपापल्या अंशानुसार करावी, मात्र दैवी आपत्तीबद्दल त्यांस दंड नसावा, असे म्हटले आहे. मानवी दोष आणि दैवी आपत्ती यांतील हा भेद आधुनिक सागरी विधीतही मूलभूत आहे.

पश्चिम किनाऱ्यावर फुटून किंवा भरकटून आलेल्या जहाजांवर राजसत्तेचा हक्क असल्याचा रिवाज होता. १६७४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. त्या वेळी चाललेल्या तहाच्या वाटाघाटींत, कोकण किनाऱ्याला लागणारी इंग्रजांची फुटकी जहाजे व त्यांवरील माल परत मिळावा, अशी मागणी इंग्रजांनी केली. हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, अशी हरकत महाराजांच्या बाजूने प्रारंभी घेण्यात आली होती. समुद्रावरील मालमत्तेबाबत दोन भिन्न विधिपरंपरा या प्रसंगी समोरासमोर आल्या, हे या घटनेचे महत्त्व होय.

इंग्लंडमधील उगम : भारतातील विद्यमान नावधिकरणाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेथे चौदाव्या शतकात नौसेनाध्यक्षाचे म्हणजे ॲडमिरलचे न्यायालय उदयास आले. १३८९ व १३९१ च्या अधिनियमांनी त्याची अधिकारिता समुद्रावरील घटनांपुरती मर्यादित केली. सतराव्या शतकात एडवर्ड कोक याच्या प्रभावाखाली सामान्य विधीच्या न्यायालयांनी मनाईहुकूम काढून ही अधिकारिता आणखी संकुचित केली. रोमन विधीवर आणि भूमध्य समुद्रातील व्यापारी संकेतांवर आधारलेल्या या न्यायालयास पुढे लॉर्ड स्टोवेल (न्यायाधीश १७९८–१८२८) याच्या निर्णयांमुळे प्रतिष्ठा प्राप्त झाली. १८४० व १८६१ च्या अधिनियमांनी त्याच्या अधिकारितेचा पुन्हा विस्तार केला.

याच काळात सागरी धारणाधिकाराची संकल्पना स्पष्ट झाली. ‘बोल्ड बक्लू’ या आगबोटीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८५१ मध्ये असा निर्णय दिला, की टकरीमुळे उत्पन्न झालेला दावा जहाजाला चिकटून राहतो. त्यानंतर जहाजाची विक्री झाली आणि घेणाऱ्यास त्या दाव्याची कल्पना नसली, तरीही तो नष्ट होत नाही. जमिनीवरील धारणाधिकारास वस्तूचा ताबा आवश्यक असतो. सागरी धारणाधिकारास ताब्याची आवश्यकता नसते, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

मुंबईतील प्रारंभ : ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी मक्तेदारीचा भंग करून पूर्वेकडे परस्पर व्यापार करणारे खाजगी इंग्रज व्यापारी सतराव्या शतकात कंपनीस त्रासदायक झाले होते. त्यांची जहाजे पकडून जप्त करण्यास विधियुक्त आधार हवा होता. त्यासाठी दुसऱ्या चार्ल्सने ९ ऑगस्ट १६८३ रोजी एक सनद देऊन सागरी व व्यापारी वाद चालविणारी न्यायालये स्थापण्याचा अधिकार कंपनीस दिला. रोमन विधीत पारंगत असा एक न्यायाधीश व दोन व्यापारी यांनी समन्याय, सद्‌सद्‌विवेक आणि व्यापाऱ्यांचे रीतिरिवाज यांनुसार न्याय करावा, अशी त्यात तरतूद होती. त्याप्रमाणे १६८४ मध्ये मुंबईत नावधिकरण न्यायालय सुरू झाले आणि डॉ. जॉन सेंट जॉन यास न्यायाधीश म्हणून पाठविण्यात आले. मद्रासमध्ये असेच न्यायालय १६८६ मध्ये स्थापन झाले.

सेंट जॉन हा स्वतंत्र वृत्तीचा होता. न्यायालय हे कंपनीच्या धोरणाचे साधन होय, अशी धारणा असलेल्या जॉन चाइल्ड याच्याशी त्याचे पटले नाही आणि त्यास पदावरून दूर करण्यात आले. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली (१६८९-९०) आणि तेथील न्यायव्यवस्था कोलमडली. भारतातील पहिल्या नावधिकरण न्यायालयाचे आयुष्य अशा रीतीने अल्प ठरले. तथापि व्यापारहित व न्यायाचे स्वातंत्र्य यांतील संघर्ष त्याच्या जन्मापासूनच होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्यानंतर कलकत्ता (१७७४), मद्रास (१८०१) व मुंबई (१८२३) येथील सर्वोच्च न्यायालयांच्या सनदांनी त्यांना नावधिकरणविषयक अधिकारिता दिली. १८६१ च्या अधिनियमान्वये तीन इलाख्यांत उच्च न्यायालये स्थापन झाली आणि १८६२ व १८६५ च्या राजसनदांनी ती अधिकारिता या न्यायालयांकडे आली.

गोठलेली अधिकारिता : ब्रिटिश संसदेने १८९० मध्ये वसाहतींतील नावधिकरण न्यायालयांविषयी अधिनियम केला. त्यास अनुसरून १८९१ च्या भारतीय अधिनियमाने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालयांना वसाहतींची नावधिकरण न्यायालये म्हणून घोषित केले. इंग्लंडमधील उच्च न्यायालयास जी अधिकारिता होती, तीच या न्यायालयांस मिळाली. परंतु ‘युरी मारू’ या जहाजासंबंधीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९२७ मध्ये असा निर्णय दिला, की ही अधिकारिता १८९० मध्ये जशी होती तशीच राहील. इंग्लंडमध्ये नंतर झालेल्या सुधारणांचा लाभ वसाहतींना आपोआप मिळणार नाही.

या निर्णयाचे परिणाम दूरगामी झाले. इंग्लंडने १९२५, १९५६ व १९८१ मध्ये आपल्या नावधिकरण विधीत सुधारणा केल्या. समुद्रगामी जहाजांच्या अटकावासंबंधी १९५२ मध्ये ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतात मात्र स्वातंत्र्यानंतरही संविधानाच्या ३७२ व्या अनुच्छेदान्वये जुने विधी चालू राहिले. त्यामुळे मुंबई बंदरातील जहाज अटकावताना न्यायाधीशांना १८६१ च्या ब्रिटिश अधिनियमाची कलमे पडताळून पाहावी लागत. तारायंत्रे, कंटेनर आणि महाकाय तेलवाहू जहाजे यांच्या युगातही शिडांच्या जहाजांच्या काळातील ही चौकट कायम राहिली.

या चौकटीतील एक उणीव विशेष जाचक होती. १८६१ च्या अधिनियमातील सहावे कलम बंदरात ‘आणलेल्या’ मालाच्या हानीसंबंधी होते. परदेशातून येणारा माल उतरवून घेणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याचे संरक्षण, हा त्याचा हेतू होता. बंदरातून बाहेर ‘नेलेल्या’ मालाचा त्यात उल्लेख नव्हता. आयात करणाऱ्यास जो उपाय मिळे, तो निर्यात करणाऱ्यास या कलमान्वये मिळत नसे.

एलिझाबेथ खटला : ही उणीव गोव्यातील एका निर्यातदार कंपनीच्या वाट्यास आली. ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी मालकीचे जहाज ८ फेब्रुवारी १९८४ रोजी मार्मागोवा बंदरातून निर्यातदाराचा माल घेऊन निघाले. माल भरून घेतल्याचा पुरावा आणि त्यावरील हक्काचे प्रमाण असलेले भरणपत्र, म्हणजेच व्यापाऱ्यांच्या बोलीतील ‘बिल ऑफ लेडिंग’, निर्यातदारास न देताच ते बाहेर पडले. गंतव्य बंदरी पोहोचल्यावर निर्यातदाराच्या सूचनेविरुद्ध माल ग्राहकाच्या स्वाधीन करण्यात आला. भरणपत्र हाती नसल्यास निर्यातदारास किंमत वसूल होईपर्यंत माल रोखून धरता येत नाही. त्यामुळे माल गेला आणि किंमतही अडकली, अशी त्याची स्थिती झाली.

हेच जहाज पुढे विशाखापटनम बंदरात आले असता निर्यातदाराने आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि १३ एप्रिल १९८४ रोजी जहाजास अटकाव करण्यात आला. मालकाने १४,२५,००० रुपयांची हमी दिल्यावर ते मुक्त झाले. मालकाचा आक्षेप असा होता, की दावा बाहेर नेलेल्या मालासंबंधी असल्याने १८६१ च्या अधिनियमाखाली भारतातील न्यायालयास तो चालविण्याचा अधिकारच नाही. उच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले.

सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी १९९२ रोजी अपील फेटाळले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती टी. के. थॉमेन यांचे होते. सार्वभौम प्रजासत्ताकातील उच्च न्यायालये ही अभिलेख न्यायालये असून त्यांची अधिकारिता मूलतः व्यापक आहे, असे त्यात प्रतिपादन करण्यात आले. जुन्या ब्रिटिश अधिनियमांत एखादा उपाय सांगितलेला नाही, एवढ्याने ती अधिकारिता संपत नाही. भारताने १९५२ च्या ब्रुसेल्स करारास मान्यता दिलेली नसली, तरी त्यातील तत्त्वे सागरी विधीची सर्वमान्य तत्त्वे म्हणून भारतीय न्यायालयांस अवलंबिता येतील. स्वातंत्र्यानंतर चार दशके उलटूनही या विषयावर संसदेने स्वतंत्र अधिनियम केला नाही, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. युरी मारू निर्णयाने घातलेले बंधन अशा प्रकारे ६५ वर्षांनी सैल झाले.

निर्णयानंतरचा काळ : एलिझाबेथ निर्णयामुळे न्यायालयीन उपायांचे क्षेत्र विस्तारले. समुद्रतळाशी असलेल्या दूरसंचार तारेच्या हानीबद्दल ‘कपितान कुद’ या जहाजाविरुद्ध झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हमी घेण्याचे तत्त्व अवलंबिले. ‘सी सक्सेस’ प्रकरणात (२००४) थकलेल्या विमाहप्त्यासाठीही जहाज अटकाविता येते, असे ठरले आणि त्यासाठी १९९९ च्या जिनीव्हा करारातील तत्त्वांचा आधार घेण्यात आला.

या विस्तारासोबत अनिश्चितताही वाढली. भारताने न स्वीकारलेल्या करारांतील कोणता भाग लागू व कोणता नाही, हे प्रत्येक प्रकरणात ठरवावे लागे. एका उच्च न्यायालयाच्या आदेशाने देशातील कोणत्याही बंदरातील जहाज अटकाविण्याची प्रथाही पडली होती. विधी आयोगाने १९९४ मधील आपल्या १५१ व्या अहवालात स्वतंत्र अधिनियमाची शिफारस केली. २००५ मध्ये मांडलेले विधेयक व्यपगत झाले. अखेरीस २०१६ मध्ये मांडलेले नवे विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले आणि ९ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. १ एप्रिल २०१८ पासून हा अधिनियम अंमलात आला आणि १८४०, १८६१, १८९० व १८९१ चे अधिनियम भारतापुरते रद्द झाले.

२०१७ चा अधिनियम : या अधिनियमाने मुंबई, कलकत्ता व मद्रास यांबरोबरच गुजरात, केरळ, कर्नाटक, ओरिसा आणि तत्कालीन हैदराबाद उच्च न्यायालयांस ही अधिकारिता दिली. प्रत्येक न्यायालयाचा अधिकार त्याच्या क्षेत्रातील प्रादेशिक समुद्रापुरता मर्यादित आहे. मार्मागोवा बंदर मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येते. कोणते दावे सागरी दावे होत, याची तपशीलवार यादी अधिनियमात असून मालवाहतुकीच्या दाव्यांत आयात-निर्यातीचा जुना भेद उरलेला नाही. युद्धनौका आणि बिगरव्यापारी कामासाठी वापरली जाणारी शासकीय जहाजे यांना तो लागू नाही. सदोष जहाजाऐवजी त्याच मालकाचे दुसरे जहाज, म्हणजेच भगिनी-जहाज, अटकाविण्याची सोयही त्यात आहे.

अटकावाची कार्यपद्धती : दावेदाराने वादपत्र व शपथपत्र सादर केल्यावर न्यायालय प्रथमदर्शनी पुरावा पाहून अटकावाचा आदेश देते. बहुधा हा आदेश प्रतिपक्षास न कळविताच दिला जातो, कारण पूर्वसूचना मिळाल्यास जहाज निघून जाण्याचा धोका असतो. मुंबईत नगरपालाच्या म्हणजेच शेरीफच्या कार्यालयामार्फत अधिपत्राची बजावणी होते. बंदर व सीमाशुल्क अधिकाऱ्यांस कळविण्यात येते आणि त्यांची परवानगी रोखली गेल्याने जहाज बाहेर पडू शकत नाही. मालकाने रोख रक्कम किंवा बँकहमी दिल्यास जहाज सुटते व दावा त्या हमीविरुद्ध पुढे चालतो. उभ्या जहाजाचा खर्च दररोज वाढत असल्याने अटकाव हे मोठे प्रभावी पण घातकही साधन आहे. म्हणून अन्यायाने अटकाव करविणाऱ्याने मालकाची नुकसानभरपाई करावी, अशी हमी त्याच्याकडून घेण्याचा अधिकार न्यायालयास आहे.

दाव्यांचा अग्रक्रम : विक्रीतून आलेली रक्कम सर्व देण्यांस क्वचितच पुरते. त्यामुळे कोणाचे देणे आधी भागवावे, हा प्रश्न निर्णायक ठरतो. अधिनियमाने सागरी धारणाधिकार असलेल्या दाव्यांस प्रथम स्थान दिले आहे. त्यांतही क्रम असा आहे : (१) कप्तान, अधिकारी व खलाशी यांचे वेतन आणि त्यांच्या मायदेशी परतण्याचा खर्च, (२) जहाजाच्या वापरातून घडलेला मृत्यू किंवा शारीरिक इजा, (३) संकटग्रस्त जहाजाच्या सुटकेचा मोबदला, (४) बंदर, कालवा व जलमार्ग यांचे शुल्क, (५) जहाजाच्या वापरातून झालेली मालमत्तेची हानी. त्यानंतर नोंदलेली गहाणे आणि शेवटी इतर दावे येतात. धारणाधिकाराची मुदत सामान्यतः एक वर्ष असून वेतनाच्या दाव्यास ती दोन वर्षे आहे.

वेतनास मिळालेला हा अग्रमान केवळ करुणेपोटी नाही. मालक दिवाळखोर झाल्यास तो जहाज खलाशांसह वाऱ्यावर सोडतो. अन्न, पाणी व इंधन संपत आलेल्या जहाजावर खलाशी महिनोन्‌महिने अडकून पडतात. नियमानुसार जहाज निर्मनुष्य ठेवता येत नसल्याने त्यांना किनाऱ्यावरही उतरता येत नाही. ज्यांच्या श्रमामुळे जहाज बंदरास पोहोचते व धनकोंच्या हाती लागते, त्यांचे देणे प्रथम भागले पाहिजे, हे जुने तत्त्व यामागे आहे. भारताने २०१५ मध्ये मान्यता दिलेल्या सागरी श्रम कराराच्या नंतरच्या दुरुस्तीनुसार, सोडून दिलेल्या खलाशांच्या चार महिन्यांपर्यंतच्या वेतनासाठी मालकाने आर्थिक सुरक्षा ठेवणे आवश्यक झाले आहे. तरीही विक्री लांबली व जहाज गंजत गेले, तर त्याची किंमत उतरते आणि अग्रहक्काचे मोलही त्या प्रमाणात घटते.

अलीकडील प्रश्न : मालक कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत असताना तिचे जहाज अटकाविता येते काय, हा प्रश्न २०१६ च्या दिवाळखोरी संहितेमुळे उपस्थित झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही अधिनियमांचा मेळ घालून असे ठरविले, की वस्तुलक्षी दावा दाखल करून जहाज अटकाविता येते, मात्र स्थगितीच्या काळात दावा पुढे चालविता येत नाही.

पर्यावरणाच्या हानीचा प्रश्न मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापलीकडे ‘एम. एस. सी. एल्सा ३’ हे कंटेनरवाहू जहाज बुडाल्याने तीव्रतेने पुढे आला. केरळ राज्याने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा दाखल केला आणि केरळ उच्च न्यायालयाने त्याच समूहाशी संबंधित असलेले, विळिंजम बंदरातील दुसरे जहाज अटकाविण्याचा आदेश दिला. बुडालेले जहाज अटकाविता येत नाही. अशा वेळी भगिनी-जहाजाचे तत्त्व नसते, तर राज्यास व मच्छीमारांस हमी मिळविण्याचा हा मार्ग उपलब्ध झाला नसता.

२०२५ मध्येच संसदेने भरणपत्रे, सागरी मालवाहतूक व व्यापारी नौवहन यांवर नवे अधिनियम संमत करून १८५६, १९२५ व १९५८ च्या अधिनियमांची जागा भरून काढण्याची तरतूद केली.

समारोप : भारतातील नावधिकरणाचा प्रारंभ एका व्यापारी कंपनीची मक्तेदारी राखण्यासाठी झाला. वसाहतकाळात इंग्लंडच्या बंदरांसाठी केलेले नियम येथे लागू झाले आणि स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकले. ज्या गोव्यातील निर्यातदाराचा विचार त्या नियमांत कोठेच नव्हता, त्याच्या खटल्याने ही स्थिती बदलली. जहाज बंदरात असते तेवढ्याच अवधीत न्याय मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे या न्यायशाखेत अधिकारितेचा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. न्यायालयाचा अधिकार निश्चित असणे आणि त्याचा वापर तत्काळ होणे, यांवरच निर्यातदाराची किंमत, खलाशाचे वेतन व किनाऱ्यावरील मच्छीमाराची उपजीविका अवलंबून असते.